पोरापोरींकडं इंग्लंडला गेलात तर तिथलं बाजाराचं गाव कसं पाहायचं

आपल्याकडची पोरं आता लंडनलाच राहतात असं काही नाही. कोणाची पोरगी हेरफर्डला नर्स आहे, कोणाचा जावई श्रूसबरीकडं, कोणी अशा गावात आहे की त्याचं नाव आपल्या तोंडात धड बसत नाही. मंग आईवडील व्हिजिटर व्हिसावर जातात, दोन-चार दिवस लंडन होतं, राजवाडा, ते मोठं चाक, घड्याळाचा टॉवर, फोटो ग्रुपवर पडतात, आणि बाकीचा सगळा मुक्काम त्या छोट्या गावात. तिथं काय पाहायचं विचारलं तर पोरं म्हणतात इथं काही नाही बाबा, साधं मार्केट टाउन आहे.

राजेहो, माझं म्हणणं उलट आहे. वऱ्हाडातल्या, वर्धा-यवतमाळकडच्या माणसानं पाहावं असं तिकडं काही असेल तर ते हेच, आणि ते आपल्याला जितकं लवकर समजतं तितकं मोठ्या शहरातल्या टूरिस्टला समजत नाही. कारण ही गावं बाजारावर जगली. आपण आठवडी बाजारात वाढलेले, कापसाची बंडी घेऊन रात्रभर मार्केटच्या गेटवर थांबलेले लोकं, अडत, हमाली, माप, हर्रास हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. फक्त नजर कुठं टाकायची ते माहीत पाहिजे, तेवढ्यासाठी हे लिहितोय.

माझी भाची त्या भागात नोकरीला आहे म्हणून माझं तिकडं जाणं झालं, त्यामुळं उदाहरण लडलो या गावाचं घेतो. श्रॉपशर जिल्ह्यातलं, वेल्सच्या सीमेजवळचं गाव, वस्ती साधारण १० हजार, म्हणजे आपल्या एखाद्या मोठ्या खेड्याएवढी. हेरफर्डहून रेल्वेनं अर्ध्या तासात येतं. तुमची पोरं दुसऱ्या कुठल्या गावात असली तरी पद्धत हीच लागू पडते.

जायच्या आदल्या रात्री मोबाइलवर नकाशा उघडा आणि घाई करू नका. आधी गाव लहान करून पाहा, आजूबाजूची बाजाराची गावं किती अंतरावर आहेत ते मोजा. तेराव्या शतकात ब्रॅक्टन नावाचा एक कायदेपंडित होऊन गेला, त्याच्या नावावर एक हिशोब सांगतात. माणूस दिवसाला २० मैल चालतो असं धरा, त्याचे तीन भाग करा, एक भाग जायला, एक बाजार करायला, एक अंधार पडायच्या आत घरी यायला. म्हणून दोन बाजारांत कमीत कमी पावणेसात मैलाच्या आतबाहेर, म्हणजे पावणेअकरा किलोमीटरच्या जवळपास अंतर पाहिजे, आणि कोणी त्याच्याहून जवळ नवा बाजार टाकला तर जुन्या बाजाराचा मालक नुकसान झालं म्हणून कोर्टात जाऊ शकायचा. आता हा हिशोब आपल्या भागाच्या नकाशावर लावून पाहा, खासर जाऊन दिवसात परत येईल एवढ्याच अंतरावर आपले आठवडी बाजार बसलेले दिसतील, आणि शेजारच्या दोन गावांचे वार सहसा एक नसतात. तिकडंही नसायचे. पाल टाकणारा तोच, सोमवारी इथं, मंगळवारी तिथं.

दुसरं, नकाशावर गाव मोठं करून मधली मोकळी जागा शोधा. ती तिकोनी असली तर समजा दोन-तीन रस्ते मिळतात तिथं बाजार आपोआप भरायला लागला आणि गाव त्याच्याभोवती वाढलं. लांबट चौकोनी, सरळ रेषेत असली तर कोणीतरी जमीनदारानं दोरी लावून गाव आखलेलं आहे. लडलो हे दुसऱ्या प्रकारचं. अकराव्या शतकाच्या शेवटी नॉर्मन सरदारांनी, लेसी घराण्यानं, टीम नदीच्या वरच्या टेकाडावर किल्ला बांधला आणि पुढं किल्ल्याच्या दारापासून सरळ रुंद रस्ता काढून त्याच्यावर बाजार बसवला. बाजार म्हणजे कमाई, हे त्या सरदारांना पक्कं माहीत होतं. जागेचं भाडं, जकात, मापाचे पैसे, दंड, सगळं त्यांच्या खिशात जायचं, म्हणूनच राजाकडून बाजार भरवायची सनद घ्यायला तेराव्या शतकात सरदारांची आणि मठांची रांग लागली होती. सनदेशिवाय बाजार भरवणं म्हणजे राजाच्या हक्कावर हात टाकणं.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. बाजार कुठं भरेल, कोण भरवेल, माप कोणाचं चालेल हे सरकारनं लिहून द्यायचं, याची आपल्या देशातली सुरुवात आपल्याच वऱ्हाडात झाली. १८८६ ला कारंजाचा कापूस बाजार हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकुमाखाली नियंत्रित बाजार झाला, देशातला पहिला, आणि १८९७ ला वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा वेगळा कायदा आला. आजची बाजार समिती त्याच वाटेनं आलेली आहे. त्यामुळं तिकडं एखाद्या भिंतीवर सनदेचं साल लिहिलेली पाटी दिसली तर नुसतं वाचून पुढं जाऊ नका, त्या सालापासून त्या गावाला पोट भरायचा कायदेशीर हक्क मिळाला असं समजून वाचा.

आता प्रत्यक्ष जायचं. बाजाराच्या दिवशीच जा, हे सगळ्यात महत्त्वाचं. लडलोला सोमवार, बुधवार, शुक्रवार, शनिवार असा बाजार असतो, तुमच्या गावाचा वार लायब्ररीत किंवा टूरिस्ट ऑफिसात विचारून घ्या. सकाळी नऊ-साडेनऊला पोचा कारण दुपारी चार वाजत आले की लोकं आवरायला लागतात. छत्री घ्या, जून असला तरी घ्या.

पोचल्यावर दुकानांकडं पाहू नका. आधी जमिनीकडं पाहा. उतार कुठं आहे, पाणी कुठं वाहत जातं, रस्ता कुठं एकदम रुंद होतो आणि कुठं एकदम गळा दाबल्यागत अरुंद. जुन्या घरांना नव्या भिंती लागतात, पण बाजाराच्या जमिनीचा आकार सहजासहजी बदलत नाही.

लडलोच्या चौकात, किल्ल्याच्या दारासमोर उभं राहिलं की समोर भरपूर मोकळी जागा आहे आणि तिथं पालं लागलेली असतात, चीज, पाव, जुनी भांडी, रोपं, स्वेटर. पण पूर्वेकडं चालायला लागा, शंभरेक पावलांत त्या जागेच्या मधोमध घरांच्या रांगा सुरू होतात आणि त्यांच्या दोन्ही बाजूंनी बारीक गल्ल्या. नवा माणूस म्हणतो वा काय सुंदर जुनी गल्ली. आपल्या माणसानं तिथं थांबावं आणि विचार करावा की रस्ता एवढा रुंद काढला होता तर मधे ही घरं आली कुठून.

आली तशीच, जशी आपल्याकडं येतात. आधी चार बांबू आणि ताडपत्री. संध्याकाळी काढून न्यायचं. मंग रोज कोण काढते म्हणून बांबू गाडलेलेच राहतात. मंग ओटा होतो. ओट्यावर टिन, टिनाच्या खाली शटर, आणि एक दिवस त्याच्यावर मजला चढलेला असतो आणि त्याची नझुलमधे नोंद शोधावी लागते. लडलोच्या बाजारात हेच झालं, मध्ययुगातच मांसवाल्यांचे, कापडवाल्यांचे ठेले पक्के होत गेले, मालकाला भाडं मिळत होतं म्हणून त्यानंही चालू दिलं, आणि किल्ल्यापासून बुल रिंगपर्यंत जो एकच लांब रुंद बाजार होता त्याचे तीन-चार चिंचोळे रस्ते होऊन बसले. बुल रिंग म्हणजे जनावरांचा बाजार भरायचा ती जागा, नाव अजून तेच आहे. गावाचं मोठं सेंट लॉरेन्स चर्च, ज्याचा टॉवर मैलोगणती लांबून दिसतो, ते गावात आल्यावर सापडत नाही, कारण ते या बाजारातल्या घरांच्या मागं दडून गेलं. मला या गावात सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट हीच आहे. आठशे वर्षांचं अतिक्रमण आज तिकडं वारसा म्हणून जपलं जाते, आणि ते जपणं बरोबरच आहे, कारण माणसं कशी जगली ते त्याच्यातच कळतं.

उलटही होतं. त्याच चौकात १८८७ ला लाल विटांचा मोठा टाउन हॉल आणि मार्केट हॉल बांधला होता, तो १९८६ ला पाडला आणि आज जो उघडा बाजार भरतो तो त्या मोकळ्या झालेल्या जागेवर. म्हणजे चौक जुना दिसतो, पण त्याचं आजचं मोकळेपण चाळीस वर्षांचं आहे. म्हणून कुठलीही मोकळी जागा पाहिली की एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, इथं आधी काय होतं.

मार्केट हॉल पाहायचा तर खालून पाहा. बऱ्याच गावांत खांबांवर उभी एक इमारत असते, खाली चारी बाजूंनी उघडी, वर एक खोली. खाली ऊनपावसात लोणी, अंडी, कोंबड्या घेऊन आलेल्या खेड्यातल्या बाया बसायच्या, वरच्या खोलीत गावचा कारभार, पंचायत, कधी शाळा. चिपिंग कॅम्डनला १६२७ ची आहे, बॅप्टिस्ट हिक्स नावाच्या श्रीमंत व्यापाऱ्यानं बांधून दिलेली, तिच्याखालची फरशी पाहा, माणसांच्या पायानं वरखाली झालेली आहे. लेडबरीची लाकडाच्या १६ खांबांवर आहे. लडलोच्या इमारतीला बटरक्रॉस म्हणतात, ती १७४० च्या दशकातली, दगडी, वर घड्याळ. खांबाला हात लावून पाहा, कोणी काही म्हणत नाही.

मंग पावलं मोजायची. हे काम थोडं वेड्यासारखं दिसतं पण करा. लडलोला ब्रॉड स्ट्रीट म्हणून रस्ता आहे, बटरक्रॉसपासून खाली नदीकडं उतरतो, खालच्या टोकाला जुन्या गावकुसाची एक वेस अजून उभी आहे, ब्रॉड गेट, तेराव्या शतकातली, आणि तिच्या डोक्यावर चक्क घर बांधलेलं आहे. या गावाला कूस बांधायला तेराव्या शतकात राजानं जकातीची परवानगी दिली होती आणि वेशी सात होत्या, त्यातली ही एकच नीट शिल्लक. या रस्त्यानं एका घराच्या कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत पावलं मोजत उतरा. तिकडचं जुनं माप पर्च, म्हणजे साडेसोळा फूट, आपल्या हिशोबानं पाच मीटर. गाव आखताना जमिनीचे पट्टे याच मापात पाडलेले असायचे, समोरून अरुंद आणि मागं लांबच लांब, भावाभावांत वाटण्या झालेल्या वावराचे पट्टे पडतात तसे. समोरची बाजू बाजाराला लागून म्हणून तिची किंमत, म्हणून ती थोडी थोडी सगळ्यांना. मागं विहीर, डुकरं, भाजीपाला, कारागिराची खोली. घरं दहा वेळा पाडून बांधली तरी दोन भिंतींमधलं अंतर बऱ्याच ठिकाणी तेच राहिलं. दोन घरांच्या मधून एखादा बोळ मागं जात असेल आणि दार उघडं असेल तर नुसतं डोकावून पाहा, आत जाऊ नका, खाजगी असतं.

समोरच्या बाजूवर विश्वास ठेवू नका. ब्रॉड स्ट्रीटवर सगळी घरं अठराव्या शतकातली वाटतात, सरळ विटांची भिंत, एका रेषेत खिडक्या. बाजूच्या गल्लीत शिरा आणि त्याच घराची कड पाहा. बऱ्याच ठिकाणी विटांच्या मागं काळा लाकडी सांगाडा निघतो, दोनशे वर्षं आधीचा. अठराव्या शतकात पैसा आला, फॅशन बदलली, मंग जुन्या घराला नवा चेहरा लावला. आणि त्या लाकडी सांगाड्याच्या मधे भरण काय असतं माहीत आहे? कुड. काड्या विणून त्याच्यावर माती, गवत, शेण यांचा गिलावा. आपण पऱ्हाटीचा किंवा तुराटीचा करतो, ते हेझलच्या झाडाच्या काड्यांचा करायचे. एखाद्या म्युझियममधे काचेआड उघडा तुकडा ठेवलेला असतो, तो पाहिला की माहेरचं कोणी भेटल्यासारखं वाटतं बायांना, मी हे पाहिलेलं आहे.

वर पाहत चाला. खालच्या मजल्यावर दुकानांचे बोर्ड सगळीकडं सारखेच, जुनं सगळं पहिल्या मजल्यापासून वर शिल्लक आहे. वरचा मजला रस्त्यावर पुढं आलेला असेल तर तो जुना. लडलोचं फेदर्स हॉटेल पाहा, १६१९ चं, सगळं लाकूड कोरलेलं. कुठं खिडकीच्या जागी विटा भरलेल्या दिसतील, त्यातल्या काही खिडक्यांवरच्या टॅक्समुळं बुजवलेल्या, १६९६ ते १८५१ पर्यंत तिकडं घराच्या खिडक्या मोजून कर लावायचे. पण प्रत्येक बुजलेली खिडकी टॅक्सचीच असते असं नाही, कधी नुसती शोभेसाठी बरोबरी साधायला तशीच बांधलेली असते, त्यामुळं ठासून सांगू नका कोणाला.

आता चर्चमधे जा. आपण हिंदू, आपल्याला चालेल का, ही शंका काढून टाका, दार उघडं असतं, टोपी काढायची, हळू बोलायचं, पेटीत जमतील तेवढे पैसे टाकायचे. लडलोच्या चर्चमधे आत, गाणाऱ्यांच्या जागेत, लाकडी घडीच्या सीट आहेत. त्या सीट उचलल्या की खालच्या बाजूला कोरीवकाम दिसतं, तासनतास उभं राहून प्रार्थना करणाऱ्याला टेकायला छोटी फळी आणि तिच्या खाली चित्र. अशा २८ आहेत, पाच-सहाशे वर्षं जुन्या. तिथल्या स्वयंसेवकाला विचारा, एल, म्हणजे तिकडची जुनी बिअर, विकणारी बाई कुठली, तो आनंदानं दाखवतो.

त्या फळीवर एक बिअर विकणारी बाई आहे. हातात तिचा तो खोटा मापाचा जग. सैतानानं तिला उघडीनागडी खांद्यावर उलटी टाकलेली आहे, दुसरा एक सैतान पुढं बॅगपाइप, म्हणजे पिशवीची पिपाणी, वाजवतोय, तिसरा कागदाची लांब गुंडाळी उघडून तिच्या पापांची यादी वाचतोय, आणि बाजूला नरकाचं तोंड, दात असलेलं, वाट पाहत. मापात पाप. आपण तोंडानं म्हणतो ते त्यांनी देवाच्या घरात लाकडात कोरून ठेवलं. मी ते पाहिलं तेव्हा डोक्यात कापसाचा काटा आला, दर क्विंटलमागं कट्टी कापणारे आले, ओल आहे म्हणून हात खुपसून भाव पाडणारे आले. सहाशे वर्षांपूर्वीच्या तिकडच्या गरीब गिऱ्हाइकाला हाच राग होता आणि त्याची दखल सुताराच्या छिन्नीनं घेतली.

ही नुसती धर्माची भीती नव्हती, कायदाही होता. तेराव्या शतकापासून पाव आणि बिअरचं वजन-माप आणि भाव ठरवून दिलेला, गव्हाचा भाव चढला की एक पेनीच्या पावाचं वजन किती कमी करायचं याचं कोष्टक असायचं, आणि तपासायला गावचेच लोकं नेमलेले. घंटा वाजल्याशिवाय सौदा नाही. जत्रेत भांडण झालं तर तिथंच बाजारातलं कोर्ट बसायचं आणि पटकन निकाल द्यायचं, कारण फिरता व्यापारी उद्या दुसऱ्या गावाला. आणि एक गुन्हा होता तो तर आपल्या प्रत्येक शेतकऱ्यानं ऐकावा असा, गावाकडून माल बाजारात येत असताना रस्त्यातच गाठून विकत घ्यायचा आणि मंग बाजारात चढ्या भावानं विकायचा. आपण ज्याला खेडा खरेदी म्हणतो तेच. तिकडं त्याला दंड होता, माल जप्त व्हायचा, कधी खोड्यात उभं करायचे. त्यांचा विचार असा की सगळा माल उघड्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आला तरच भाव खरा निघतो. हा कायदा शेवटी १८४४ ला काढून टाकला. बाजार उघडा ठेवायचा की मोकळा सोडायचा, हा वाद आपल्याकडं बाजार समितीवरून अजून चालू आहे, माझं मन त्या जुन्या घंटेच्या बाजूनं आहे.

गावाला पैसा कुठून आला हे शोधा, ते सगळ्या इमारतींवर लिहिलेलं असतं. त्या भागात मेंढीच्या लोकरीवर. शेजारी १८ किलोमीटरवर लेम्स्टर आहे, तिथली लोकर तर सगळ्यात बारीक समजली जायची. लोकरीवाल्यांनी देवाला दिलं आणि चर्च मोठी झाली, चिपिंग कॅम्डनच्या चर्चमधे विल्यम ग्रेव्हेल नावाच्या व्यापाऱ्याचं पितळी चित्र आहे, १४०१ ला वारला, त्याच्यावर लिहिलंय की हा सगळ्या इंग्लंडच्या लोकर व्यापाऱ्यांचं फूल. स्टो-ऑन-द-वोल्ड नावाच्या गावी गेलात तर चौकात येणाऱ्या एकदम अरुंद गल्ल्या पाहा, मेंढरं एकेक करून आत घेता यावीत, मोजता यावीत म्हणून तशा, असं सांगतात.

लडलोला पैशाचा दुसरा रस्ता कचेरीचा होता. पंधराव्या शतकाच्या शेवटापासून वेल्स आणि सीमेच्या भागाचा कारभार या किल्ल्यातून चालायचा, म्हणजे वकील, कारकून, पक्षकार, खानावळी, सगळं. गादीचा वारस राजपुत्र आर्थर इथंच १५०२ ला वारला आणि म्हणून त्याचा भाऊ हेन्री आठवा गादीवर आला. १६८९ ला ती कचेरी बंद झाली. ज्या गावातून जिल्ह्याचं किंवा तालुक्याचं ठिकाण हललं त्या गावाला विचारा काय होतं ते. किल्ला पडीक झाला, छपराचं शिसंसुद्धा निघालं. मंग गाव सावरलं ते हातमोज्यांवर, शेकडो बाया घरी बसून मोजे शिवायच्या, आणि १८२० च्या दशकात फ्रान्सच्या मोज्यांना मोकळीक मिळाल्यावर तेही बसलं. रेल्वे १८५२ ला आली पण कारखाने काही आले नाहीत. गाव श्रीमंत राहिलं असतं तर ही जुनी घरं पाडून नवी बांधली असती, पैसा थांबला म्हणून घरं राहिली.

घोडागाडीच्या जमान्याची खूण म्हणजे हॉटेलची कमान. मेन रोडवर जुन्या सराईला मधोमध उंच कमान असते, गाडी घोड्यांसकट आत जावी म्हणून, आत अंगण आणि तबेले. आज तिथं पार्किंग किंवा चहाच्या खुर्च्या असतात.

जनावरांचा बाजार शोधायचा तर रेल्वे स्टेशनाच्या आसपास बघा. एकोणिसाव्या शतकात रस्त्यावरची घाण नको म्हणून बऱ्याच गावांत गुरांचा बाजार बाहेर हलवून लिलावाचे कटघरे बांधले. नंतर त्यातल्या बऱ्याच जागांवर सुपरमार्केट आले. २००१ ला तिकडं लाळ-खुरकुताची साथ आली, ६० लाखांच्या वर जनावरं मारावी लागली, गुरांचे बाजार कित्येक महिने बंद, आणि काही ठिकाणी ते परत भरलेच नाहीत. लडलोनं मात्र खाण्यापिण्यावर नाव काढलं, १९९५ पासून किल्ल्यात फूड फेस्टिव्हल भरतो, आजूबाजूच्या शेतकऱ्याचा माल तिथं त्याच्या नावानं विकला जातो. संत्र्याच्या आपल्या भागात, वरुड-मोर्शीकडं, हे करण्यासारखं आहे, हे मी मनापासून सांगतो.

लोकांशी बोलायचं कसं? आधी गुड मॉर्निंग म्हणायचं, काहीतरी छोटं विकत घ्यायचं, एखादं पावाचं तुकडं, फुलाचं रोप, मंग विचारायचं की ही तुमची जागा किती दिवसांपासून, तुमच्या आधी इथं कोण बसायचं. घासाघीस करू नका, चालत नाही, पण आवरायच्या वेळेला भाजी-फळांचे भाव स्वतःच उतरतात. पगार, लग्न, वय विचारायचं नाही. शेतकरी आहात हे मात्र जरूर सांगा, कापूस म्हटल्यावर चांगलं बोलणं निघतं. इंग्रजी तोडकंमोडकं असलं तरी हरकत नाही, नातवाला सोबत घ्या.

रात्री घरी आल्यावर परत कॉम्प्युटरवर बसा. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या साइटवर इंग्लंडचेही जुने सर्व्हेचे नकाशे फुकट पाहायला मिळतात, एका बाजूला १८८०-९० चा नकाशा आणि दुसऱ्या बाजूला आजचा असं लावून बघता येतं. आपण मोजलेला पट्टा, कमानीमागचा तबेला, गुरांचा बाजार, सगळं त्याच्यावर सापडतं. आणि हिस्टॉरिक इंग्लंडच्या यादीत घराचं नाव टाकलं की ते कधीचं, आत काय काय आहे याची सरकारी नोंद निघते, लडलोमधे अशी शेकड्यानं घरं आहेत.

एवढं केलं की आपल्या गावाकडं परत आल्यावर आपला बाजार तुम्हाला वेगळा दिसायला लागेल, मंग तेच काम इथं करा. पद्धत तीच, कागद वेगळे. तलाठ्याकडं किंवा तहसीलला गावचं निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज मागा, विदर्भात हे कागद आहेत, त्यात चराई कुठली, खळवाडी कुठली, स्मशान कुठलं, बाजाराची जागा कुठली, गावकऱ्यांचे वहिवाटीचे हक्क कोणते हे लिहिलेलं असतं. भूमी अभिलेखमधून गावचा जुना नकाशा काढा आणि आजचे ओटे त्याच्यावर पेन्सिलनं टाका. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी काढलेली जिल्ह्यांची गॅझेटियर इंटरनेटवर सापडतात, वर्धा, अकोला, अमरावती, यवतमाळ, बुलढाणा, त्यात कोणत्या गावी कोणत्या वारी बाजार आणि काय माल यायचा हे मिळतं. रेल्वेचं साल बघा. १८६० च्या दशकात अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस बंद झाला, लँकशरच्या गिरण्यांना आपला कापूस पाहिजे झाला, आणि १८७० ला खामगावची रेल्वे आणि कापूस बाजार उघडायला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आला. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर लाइनवर शकुंतला ही छोटी रेल्वे ज्या गावांत थांबायची तिथली जिनिंगची पडकी धुराडी, अडत्यांचे वाडे, सराफा लाइन, गुजरी, बैलबाजाराची झाडं, हे सगळं याच नजरेनं पाहा.

सगळ्यात आधी मात्र ग्रामपंचायतीत किंवा नगर परिषदेत जा आणि बाजार-हर्रासीची जुनी रजिस्टरं आहेत का विचारा, कोणत्या साली बाजार किती रुपयांना गेला, कोणी घेतला, कोणत्या मालाला काय दर लावला ते त्यात असतं आणि दुसरीकडं कुठंच नसतं. बहुतेक ठिकाणी ती एखाद्या गळक्या खोलीत पडलेली असतात. सचिवाला रीतसर अर्ज द्या, परवानगी घ्या, पानापानाचे मोबाइलवर फोटो काढा, प्रत्येक फोटोला साल आणि पान नंबर लिहा, आणि हे काम मृग लागायच्या आत उरका.